जस्ट इन टाइम उत्पादन

पुढच्या टप्प्याला लागेल तेवढाच माल, लागेल तेव्हाच तयार करण्याची किंवा मागवण्याची कारखानदारीतील पद्धत. गोदाम रिकामे ठेवणे एवढाच तिचा अर्थ सहसा सांगितला जातो, तो अपुरा आहे. भरपूर साठा असला की नादुरुस्त यंत्र, सदोष सुटे भाग, बेभरवशाचा पुरवठादार हे सगळे झाकले जाते. साठा कमी केला की ते उघडे पडते आणि दुरुस्त करावेच लागते, हा या पद्धतीचा खरा रोख.

टोयोटा कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी १९३८ मध्ये सुरू झालेल्या कोरोमो येथील कारखान्याच्या काळात ही कल्पना मांडली. महायुद्धानंतर ताइइची ओनो यांनी ती रुळवली. त्या वेळी जपानात भांडवल तुटपुंजे होते आणि गाड्यांचा खपही थोडा. एकाच प्रकारच्या गाड्यांचे ढीग लावणे परवडत नव्हते. गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढे उचलले तेवढेच पुन्हा भरायचे, हा अमेरिकी सुपरमार्केटचा रिवाज ओनोंनी कारखान्यात आणला. सुट्या भागांच्या खोक्याला ‘कानबान’ नावाचे कार्ड असते. खोके वापरायला काढले की कार्ड मागच्या विभागाकडे जाते आणि तेवढेच भाग नव्याने बनतात. कार्ड आले नाही, तर काम नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर इतर जपानी कंपन्याही या पद्धतीकडे वळल्या.

पद्धत नाजूक आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व मिळेना, आणि टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने काही दिवस ठप्प झाले. २०११ च्या भूकंपानंतर कंपनीने चिपसारख्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे ठेवायला लावला.

या पद्धतीला पुरवठा खात्रीचा लागतो, आणि त्याहून जास्त म्हणजे मागणी रोज साधारण सारखी लागते. विदर्भाच्या ग्रामीण भागात गाडी अडते ती इथेच. हिंगणघाट, वणी, अकोट या पट्ट्यात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करण्याचा, हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. कापूस काही जिनिंगच्या कार्डावर फुटत नाही. वेचणी झाली, घरात पैशाची निकड आली, की गाडी आवारात येते. १७० किलो रुईची एक गठाण बांधायला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. यंत्रे सलग चालवायची तर आवारात गंजी हवीच. पण गंजी लावली की धाकधूकही आली. ओला कापूस आतून तापून पिवळा पडतो आणि एखादी ठिणगी सगळ्या गंजीला पुरते. त्यामुळे चांगल्या जिनिंगवाल्याची परीक्षा साठा शून्यावर आणण्यात नसतेच. ओला माल वेगळा पसरणे आणि आधी आलेला आधी ओढणे यात असते. गठाणीवरचे कापड, बांधायच्या पट्ट्या हे मात्र लागेल तसे मागवता येते. रोलर, सुऱ्या, बेअरिंग कपाटात हवीतच, कारण ऐन हंगामात यंत्र थांबले तर बाहेर गाड्यांची रांग वाढत जाते.

खताच्या बाबतीत गैरसमज फार होतो. मृगाचा पाऊस बरा झाला की सगळा तालुका एकाच आठवड्यात पेरणीला लागतो आणि डीएपीसाठी कृषी केंद्रापुढे रांग लागते. रेल्वेची रॅक लागली की माल येतो आणि आल्या दिवशीच संपतो. दुकानात साठा नाही म्हणून याला जस्ट इन टाइम म्हणायचे, तर मजुराच्या घरी रोज पाव किलो तेल आणतात त्यालाही म्हणावे लागेल! या पद्धतीत पुरवठा मागणीमागे चालतो. इथे शेतकरी पुरवठ्यामागे धावतो.

शेंदूरजनाघाटच्या संत्रा रोपवाटिकांचा अडसर वेगळा, तो काळाचा. जंबेरी या रानलिंबाचे रोप वाढवायचे, त्यावर संत्र्याचा डोळा बांधायचा, कलम विक्रीजोगे होऊ द्यायचे, यात वर्ष उलटून जाते. त्यामुळे लागवड किती होईल याचा अंदाज रोपवाटिकाधारकाला मागणी येण्याच्या कितीतरी आधी बांधावा लागतो.