पार्श्वभूमी : वेटिंग आहे, पण नंबर नाही

कोकणातल्या माणसाला ‘वेटिंग’ या शब्दाचा अर्थ सांगायला नको. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण उघडले की आठ वाजून दोन-चार मिनिटांत तो शब्द मोबाइलवर उमटतो आणि त्याच्या शेजारी एक आकडा असतो. पुढचे साठ दिवस (नोव्हेंबर २०२४ पूर्वी एकशेवीस) घरातले कोणीतरी रोज तो आकडा बघत असते. एकशेदहाचे सत्तर झाले, सत्तरचे एकवीस, मग आरएसी. म्हणजे अर्ध्या बाकावर बसून का होईना, गाव गाठता येते. नाहीच सरकला तर पैसे परत. व्हीआयपी कोटा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावरून बोटेही मोडली जातात. पण आपल्यापुढे किती जण आहेत, हे कोणी लपवत नाही.

महागड्या स्विस घड्याळांच्या शोरूममध्ये हाच शब्द वापरतात. आकडा मात्र तिथे नसतो. तो का नसतो हे बघायचे तर आधी थोडे मागे जायला हवे, कारण घड्याळांची टंचाई या किनाऱ्याला नवीन नाही.

स्विस घड्याळे मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून विकली जात होती. फेवर-ल्युबा, वेस्ट एंड ही नावे चाकरमान्यांबरोबर गावोगाव पोचली. तेव्हा अडचण असे ती पैशांची. मालाची अडचण स्वातंत्र्यानंतर आली. परकीय चलन वाचवायचे म्हणून आयात आवळली गेली, आणि १९६१ मध्ये बंगळुरूला जपानी सहकार्याने सुरू झालेल्या सरकारी कारखान्याची एचएमटी हेच सामान्य माणसाचे घड्याळ झाले. तेही मागितले आणि मिळाले असे होत नसे. लग्नात जावयाला एचएमटी द्यायचे तर मुंबईतल्या मामाला आधी पत्र जायचे.

ज्यांना ‘फॉरेनचे’ हवे असे, त्यांच्यासाठी समुद्र होता. दुबईकडून निघालेल्या गलबतांतून सोने, कापड, ट्रान्झिस्टर आणि घड्याळे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. इथल्या खाड्या त्या कामाला सोयीच्या. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १२३ या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. चोरट्या आयातीच्या संशयावरून माल जप्त झाला, तर तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर टाकणारे हे कलम सरसकट सगळ्या मालाला लागू नाही. त्यात नाव घेऊन घातलेल्या मोजक्या वस्तूंत सोन्याबरोबर घड्याळे आहेत. कायदा करणाऱ्यांनी मनगटी घड्याळाला सोन्याच्या पंगतीला बसवले होते आणि ते अजून तिथेच बसले आहे.

सत्तरच्या दशकात आखातातल्या नोकऱ्या सुरू झाल्या. दापोली, खेड, श्रीवर्धन, मुरूड या भागांतून गेलेली माणसे दोन वर्षांनी परत येत, तेव्हा बॅगेत सिको फाइव्ह असायचेच. जहाजावरचे खलाशी आणि इंजिनियरही आणत. बाजारपेठेतला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून मागचे झाकण उघडायचा आणि म्हणायचा, ‘मशीन ओरिजिनल आहे.’ एवढ्यावर त्या घड्याळाची गावातली किंमत ठरे.

याच काळात मराठीत ‘नंबर लावणे’ हा वाक्प्रचार घरोघर रुजला. स्कूटरला नंबर लावला, फोनला लावला, गॅसला लावला. पैसे आगाऊ भरायचे, पावती जपून ठेवायची आणि वर्षानुवर्षे थांबायचे. जास्त अनामत भरणाऱ्याला फोन लवकर मिळे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे, आणि आखातात किंवा जहाजावर माणूस असलेल्या घरांना हा आडमार्ग चांगला परिचयाचा होता. व्यवस्था वाईटच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण नंबर ‘लागायचा’. आपल्या आधी कोणाला मिळाले तर ते कोणत्या नियमाने मिळाले, हे विचारता यायचे.

गंमत अशी की आपण एचएमटीसाठी वशिला शोधत होतो, तेव्हा आज ज्यांच्यासाठी माणसे ताटकळतात ती घड्याळे परदेशातल्या दुकानांत धूळ खात होती. १९६३ ला आलेले रोलेक्स कंपनीचे डेटोना हे चावीचे घड्याळ पंचवीस वर्षे रडतखडत विकले गेले. १९७२ चे ओडमार पिगे कंपनीचे रॉयल ओक आले तेव्हा पोलादी घड्याळाला सोन्याचा भाव कोण देणार, असा प्रश्न होता. पाटेक फिलिप कंपनीच्या १९७६ च्या नॉटिलसचीही तीच कथा. त्यातच डिसेंबर १९६९ मध्ये जपानने बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणले आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या या धंद्यातल्या सुमारे नव्वद हजार नोकऱ्यांच्या तीस हजारांच्या आसपास उरल्या. तेव्हा टंचाई होती ती गिऱ्हाइकांची.

चित्र पालटले १९८८ मध्ये. डेटोना ऑटोमॅटिक झाले, पण त्याचे मशीन दुसऱ्या स्विस कंपनीकडून घेऊन, बरेच बदलून बसवलेले होते. मशीन मर्यादित, म्हणून घड्याळे मर्यादित. नव्वदच्या दशकात खरोखरच्या याद्या लागल्या. २००० मध्ये कंपनीने स्वतःचे मशीन आणले. आता रांग संपायला हवी होती. संपली नाही. टंचाई फक्त तांत्रिक कारणाने असते असे सांगणाऱ्यांना मी नेहमी ही दोन वर्षे शेजारी शेजारी ठेवायला सांगतो.

पुढचे सगळे वेगाने घडले. २०१६ मध्ये काळ्या सिरॅमिक कड्याचे पोलादी डेटोना आले. २०१७ मध्ये एका दिवंगत हॉलिवूड नटाचे जुने डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेले, आणि घड्याळाच्या नादी नसलेल्यांच्याही कानावर ते नाव पडले. २०२० च्या वसंतात महासाथीमुळे जिनेव्हाचे कारखाने काही आठवडे बंद राहिले. त्याच वेळी घरी बसलेल्यांकडे पैसा साचत होता. जानेवारी २०२१ मध्ये नॉटिलसचे सर्वांत मागणीचे पोलादी मॉडेल बंद होणार हे जाहीर झाले. त्याच डिसेंबरात त्याच्या निळसर-हिरव्या तबकडीच्या १७० नगांपैकी पहिला नग धर्मादाय लिलावात पासष्ट लाख डॉलरना विकला गेला. २०२२ च्या सुरुवातीला वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात नॉटिलस छापील किमतीच्या पाचपटीच्या आसपास आणि पोलादी डेटोना तिप्पटीच्या आसपास होते. २६ मार्च २०२२ ला तर ओमेगा आणि स्वॉच यांनी मिळून काढलेल्या, अडीचशे स्विस फ्रँकच्या आणि मर्यादित आवृत्तीही नसलेल्या ‘मूनस्वॉच’ घड्याळासाठीही लंडनपासून सिंगापूरपर्यंत दुकानांबाहेर झुंबड उडाली.

शोरूममधल्या ‘वेटिंग’चा अर्थ बदलला तो या चार-पाच वर्षांत. माझा आतेभाऊ दाभोळ खाडीच्या काठचा, मालवाहू जहाजावर चीफ इंजिनियर. बढती मिळाली तेव्हा पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी म्हणून निघालेले ते प्रसिद्ध पोलादी घड्याळ घ्यायचे त्याने ठरवले आणि मुंबईच्या एका शोरूममध्ये गेला. काचेच्या कपाटात घड्याळ होते. ‘हे फक्त दाखवण्यासाठी आहे, सर,’ असे कळले. नाव, फोन, व्यवसाय लिहून घेतला. अनामत घेतली नाही, पावती दिली नाही. भाऊने सवयीने विचारले, ‘माझा नंबर कितवा?’ समोरची मुलगी प्रामाणिकपणे गोंधळली. मग म्हणाली, ‘सर, तसा नंबर नसतो. तुमचा इंटरेस्ट नोंदवलाय.’ जाता जाता त्याला दुसऱ्या एका कंपनीचे, कपाटात भरपूर असलेले घड्याळ दाखवण्यात आले; ते घेतले तर ‘प्रोफाइल चांगली होते’ म्हणे.

सगळा गुंता याच शब्दाचा आहे. धंद्यातले लोक आपसात ‘वेटिंग’ म्हणत नाहीत, ‘अलोकेशन’ म्हणतात. माल आला की तो कोणाला द्यायचा हे दुकानदार ठरवतो. आधी किती खरेदी केली, घड्याळ स्वतः वापरणार की पुढच्या आठवड्यात ब्लॅकने विकणार, ओळख किती जुनी, हे बघून. दुकानदाराची बाजूही अगदी पोकळ नाही. छापील किमतीला घेऊन दुसऱ्या दिवशी तिपटीने विकणाऱ्याला घड्याळ गेले तर खरा शौकीन तसाच राहतो. म्हणूनच काही ठिकाणी वॉरंटी कार्ड वर्षभर दुकानातच ठेवून घेत, किंवा प्लास्टिकचे आवरण समोरच काढून टाकत. पण मग ही निवड झाली. निवडीला रांग म्हणू नये. गाडीच्या भाषेत सांगायचे तर इथे सगळाच व्हीआयपी कोटा आहे आणि चार्ट कधीच लागत नाही.

कंपन्यांचे म्हणणे ठरलेले असते. टंचाई हे आमचे धोरण नाही, गुणवत्ता न घालवता यापेक्षा जास्त बनवता येत नाही. सर्वांत मोठी कंपनी, म्हणजे रोलेक्स, वर्षाला दहा लाखांहून जास्त घड्याळे बनवते असे अंदाज आहेत, ती स्वतः आकडा देत नाही. दहा लाख नग निघणाऱ्या वस्तूला ‘दुर्मिळ’ म्हणताना जीभ अडखळते. पण मागणीच त्याहून कितीतरी जास्त असेल तर तुटवडा खराच, हेही मान्य करायला हवे. दुसरा एक आकडा मला जास्त बोलका वाटतो. स्वित्झर्लंडने २०११ मध्ये जवळजवळ तीन कोटी घड्याळे निर्यात केली, २०२३ मध्ये एक कोटी सत्तर लाखांच्या आसपास. याच काळात निर्यातीचे मूल्य सुमारे १९ अब्ज फ्रँकवरून २६ अब्जांच्या पुढे गेले. नग घटले, पैसा वाढला. कारागिरांना वेळ लागतो हे खरे असेलही, पण साऱ्या धंद्याची चालच कमी नग आणि चढ्या किमतीची होती.

२०२२ च्या वसंतानंतर वापरलेल्या घड्याळांचे भाव उतरले. त्याच नोव्हेंबरात सर्वांत मोठ्या कंपनीने फ्रिबूर प्रांतात नवा कारखाना जाहीर केला. तो २०२९ मध्ये सुरू व्हायचा आहे. डिसेंबरात तिने जुनी घड्याळे तपासून, प्रमाणित करून विकण्याची योजना आणली, आणि ब्लॅकच्या बाजारातला नफा निदान थोडा तरी अधिकृत दुकानांकडे वळला. डिसेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा-नियामकाने तिला नऊ कोटी सोळा लाख युरोचा दंड केला, तो विक्रेत्यांना ऑनलाइन विक्रीची बंदी घातल्याबद्दल. ग्राहक कसे निवडायचे, या प्रश्नाला त्याने हात लावला नाही.

आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळावर विक्रेता ग्राहकाकडून एक टक्का कर आधीच गोळा करतो; तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता होतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला असून घड्याळांवरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल. किमती त्याने कमी होऊ शकतात. भारताच्या वाट्याला कोणत्या मॉडेलचे किती नग यायचे, हे मात्र करारात लिहिलेले नाही. ते जिनेव्हातच ठरते.

भाऊला मध्यंतरी शोरूममधून फोन आला होता. जहाज तेव्हा सिंगापूरच्या बाहेर नांगरलेले. ‘सर, एक पीस आलाय,’ तिथली मुलगी म्हणाली. त्याने विचारले कोणता. सोन्याचा होता, त्याने नोंदवलेला नव्हे. पोलादीचे काय, तर म्हणाली, ‘त्याला वेटिंग आहे, सर.’