सीएसएस फ्रेमवर्कची तत्त्वं कुठून आली?

होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये, सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत असताना, सीएसएसचा, म्हणजे वेब पानांचं रंगरूप ठरवणाऱ्या भाषेचा, प्रस्ताव मांडला. पानाच्या दिसण्यावर लेखक आणि वाचक दोघांचाही हक्क असावा, आणि दोन नियम भिडले तर कुणाचा चालेल हे आधीच ठरलेलं असावं, ही त्यातली खरी मोठी कल्पना. पुढच्या जवळजवळ प्रत्येक फ्रेमवर्कचं, म्हणजे सीएसएसच्या तयार नियमांच्या संचाचं, मूळ या 'कुणाचा चालेल' मध्ये आहे, असं मला ठामपणे वाटतं.

१९९६ च्या डिसेंबरात पहिली आवृत्ती अधिकृत झाली, पण ब्राउझरांची साथ अपुरी होती. मांडणी कित्येक वर्षं टेबलांवरच चालली. मग पान रकान्यांत मांडून देणारी फ्रेमवर्क आली: २००७ मध्ये ब्लूप्रिंट, २००८ मध्ये ९६० पिक्सेल रुंदीचं ९६० ग्रिड. ९६० हा आकडा फार विचारपूर्वक निवडलेला: १०२४ पिक्सेलच्या पडद्यात मावतो, आणि ६० चा रकाना अधिक २० ची मोकळी जागा असे बरोबर १२ भाग पडतात. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइन, म्हणजे पडद्याप्रमाणे बदलणारी मांडणी, मांडलं आणि ठरावीक रुंदीचा आधारच गेला.

रकान्यांपेक्षा अवघड निघाली ती नियमांची भांडणं. साइडबारमधलं शीर्षक निळं हवं म्हणून कुणीतरी आयडीवर, म्हणजे त्या एकाच घटकाच्या खास नावावर, नियम लिहितं. काही महिन्यांनी तेच लाल हवं असतं. क्लास, म्हणजे अनेक घटकांना देता येणारी नावं, कितीही जोडा, आयडीपुढे ते हरतात. मग नियमाला जबरदस्तीने वरचढ करणारं इम्पॉर्टंट येतं, आणि त्याला हरवायला दुसरं इम्पॉर्टंट. निकोल सुलिव्हन यांच्या ओओसीएसएस या लेखनपद्धतीने यावर दोन तत्त्वं दिली: रचना आणि रंगरूप वेगळं ठेवा, घटक ज्या चौकटीत बसतो तिच्यावर त्याचं दिसणं अवलंबून ठेवू नका. यांडेक्स या रशियन कंपनीत घडलेल्या बेम या नावं देण्याच्या पद्धतीने हीच शिस्त क्लासच्या नावांतच आणली.

ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटरमधून मार्क ऑटो आणि जेकब थॉर्न्टन यांचं बूटस्ट्रॅप हे फ्रेमवर्क सर्वांसाठी खुलं झालं. २०१३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आधी मोबाइलचा विचार करू लागलं. २०१७ च्या टेलविंड या फ्रेमवर्कने एका क्लासला एकच छोटं काम दिलं. पानाची रचना लिहिलेलं एचटीएमएल त्यामुळे लांबलचक होतं, ही तक्रार खरी आहे. पण एका ठिकाणचा बदल दुसरीकडे फुटत नाही, हा दिलासा माझ्या लेखी मोठा.

२०२२ मध्ये प्रमुख ब्राउझरांत कॅस्केड लेयर, म्हणजे नियमांचे थर, आले. फ्रेमवर्कने आपले नियम एका थरात ठेवले, तर थराबाहेर लिहिलेला साधा क्लासही त्या थरातल्या आयडीवर मात करतो. साइडबारच्या त्या शीर्षकाचा आयडीवरचा नियम असा थरात असेल, तर ते आता एका ओळीत लाल होतं.