कोशर जेलीचे थर: पार्श्वभूमी

हानुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाला अमेरिकेतल्या काही ज्यू घरांत निळ्या-पांढऱ्या थरांची जेली लागते. कृती मूळची तिथल्या सर्वसाधारण घरांतली: रंगीत थर पाकिटातल्या जेलीचे, पांढरे थर कंडेन्स्ड मिल्क आणि बिनस्वादाच्या जिलेटिनचे. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात पांढऱ्या थराचा प्रश्न सहज सुटला. मांसाच्या जेवणानंतर दूध चालत नाही, म्हणून त्या जागी नारळाचे दूध आले. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतून निघते, त्याचा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही.

पूर्व युरोपातले ज्यू वासराचे पाय शिजवून, लसूण घालून थिजवत. पाय कोशर जनावराचे, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. अमेरिकेत १८४५ साली जिलेटिनच्या पुडीचे पेटंट निघाले आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेरॉय गावात फळांच्या स्वादाची गोड पूड तयार झाली. पुढे कारखान्यांत डुकराचे कातडे (डुक्कर ज्यूंना निषिद्ध) आणि गुरांची हाडे-कातडी हाच मुख्य कच्चा माल ठरला.

वाद पेटला तो हाडांवरून. हाडांची चरबी काढतात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात खनिजे विरघळवतात, उरलेला मऊ भाग काही आठवडे चुन्याच्या पाण्यात ठेवतात आणि मग गरम पाण्यात अर्क काढतात. १९३० च्या दशकात विल्नियसच्या (आज लिथुआनियात) एका ज्येष्ठ धर्मपंडितांनी निकाल दिला की मांस-मज्जा न उरलेली, पूर्ण वाळलेली हाडे ‘मांस’ राहत नाहीत, त्यांचे जिलेटिन चालेल. भारतातून जाणारी वाळकी, कुटलेली हाडे या उद्योगाचा जुना माल असल्याने हा निकाल कागदापुरता नव्हता. सवलतीच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला गेला: प्रक्रियेत माल अशा अवस्थेतून जातो की तो कुत्राही खाणार नाही, म्हणून पुढे तयार होते ती नवीच वस्तू.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कडक मताच्या पंडितांनी हे नाकारले. जी वस्तू शेवटी खाण्यासाठीच बनवायची, तिच्या मधल्या अवस्थेला अर्थ काय, हा त्यांचा सवाल. त्यात दम आहे, पण खरी गडबड वेगळीच होती. निकाल होता वाळक्या हाडांपुरता. तो ताणून ताज्या हाडांना लावला गेला आणि एकेकट्या धर्मगुरूंच्या सहीने डुकराच्या कातड्यालाही. पाकिटावरचे नुसते ‘के’ हे ‘कोशर’चे आद्याक्षर ट्रेडमार्क होऊ शकत नाही. कोणीतरी माल मान्य केला, एवढेच ते सांगते. कोणी आणि कशाच्या आधारावर, ते नाही. मोठ्या अमेरिकन प्रमाणन संस्था सवलतीपासून दूर राहिल्या. इस्रायलमध्ये अधिकृत कल सैल राहिला, तरी तिथल्या पाकिटांवर ‘जिलेटिन खाणाऱ्यांसाठी कोशर’ असे छापलेले दिसते. म्हणजे शिक्का आहे, पण निवड खाणाऱ्याची.

१९९० च्या दशकात कोशर पद्धतीने कापलेल्या गुरांच्या कातड्यापासूनचे जिलेटिन बाजारात आले. ते महाग पडते, पण कडक मताच्या घरांनाही चालते. माशांचे जिलेटिनही मिळू लागले. तरी घरोघरी जम बसला तो समुद्री शैवालातून मिळणाऱ्या कॅरागीननच्या पुडीचा.

कोकणातल्या बेने इस्रायलींना, म्हणजे मराठी ज्यूंना, या वादाची झळ फारशी लागली नाही. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हाशाना या ज्यू नववर्षाला, ते गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर तासन्‌तास घोटून हलवा करतात. पुढे घोटणे वाचवायला कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास (समुद्री शैवालापासूनचे अगर) आले. नारळाचे दूध असल्याने हा हलवा मांसाच्या जेवणानंतरही चालतो.

पदार्थ बदलला की थर लावण्याची रीतही बदलते. जुनी कृती तशीच वापरली की थर सुटतात. २३ × ३३ सेंटीमीटरच्या भांड्यात ३५० मिलिलिटरचा थर साधारण अर्धा सेंटीमीटर जाड होतो. त्याला ७ ग्रॅम जिलेटिन लागते. खालचा थर बोटाला चिकटेल पण उचलला जाणार नाही, इतपत धरला की वरचा कोमट, ३० अंशांच्या आसपास, ओतायचा. तो खालच्याचा पृष्ठभाग किंचित विरघळवून त्याला धरतो. जास्त गरम ओतला तर रंग मिसळतात.

चायना ग्रासचे उलट आहे. ३५० मिलिलिटरला ३ ग्रॅम पूड घालून दोन मिनिटे खळखळून उकळायची. ते ३५ ते ४० अंशांना धरते, पण पुन्हा वितळायला ८५ लागतात. त्यामुळे पूर्ण गार झालेल्या थरावर कोमट मिश्रण ओतले तर ते नुसते वर बसते आणि कापताना घसरते. खालच्यावर साय धरली, आत अजून थरथर आहे, तेव्हाच वरचे ६० ते ६५ अंशांचे मिश्रण चमच्याच्या पाठीवरून सोडायचे. उशीर झालाच तर काट्याने पृष्ठभाग हलका ओरखडावा. नारळाच्या थरावर चरबीचा तवंग आला असेल तर तो आधी कागदाने टिपायचा, नाहीतर पुढचा थर धरत नाही. लिंबाचा रस आचेवरून उतरवल्यावरच घालावा. आंबटात उकळले की चायना ग्रासची पकड जाते. ताजा अननस मात्र इथे चालतो, जिलेटिनमध्ये तो कधीच धरू देत नाही. लाल रंग घेताना कार्माइन टाळावे, ते किड्यांपासून बनते आणि कोशर नाही.

शुक्रवारी दुपारी लावलेली चायना ग्रासची जेली शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, टेबलावर तासभर सहज उभी राहते. दुसऱ्या दिवसापर्यंत तिला पाणी सुटू लागते, म्हणून वड्या ऐन वाढायच्या वेळीच पाडाव्यात.