झेल्डाची धून रेकॉर्ड केलेली नव्हती

‘निन्टेन्डोच्या पहिल्या झेल्डा व्हिडिओ गेमची धून टेपसारखी रेकॉर्ड करून कार्ट्रिजमध्ये (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीत) भरली होती,’ हा समज जुना आहे. कान तसंच सांगतो, पण हिशेब जुळत नाही. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला सुमारे 176 किलोबाइट लागतात. 1987 चं अख्खं कार्ट्रिज 128 किलोबाइटचं. दर्जा फोनइतका, सेकंदाला 8 किलोबाइटवर उतरवला तरी 16 सेकंदांत जागा संपते, आणि नकाशे-चित्रं अजून बाहेरच!

आत असतात त्या फक्त सूचना: कोणता सूर, किती वेळ. वाजवते ती कन्सोलची चिप.

खात्री करायची तर एनएसएफ प्लेअरमध्ये (त्या कन्सोलच्या गेममधलं संगीत संगणकावर वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एकेक चॅनेल, म्हणजे चिपचा एकेक स्वतंत्र आवाज, बंद करा. त्रिकोणी लहरीचा चॅनेल बंद केला की खालचा बास पूर्ण जातो, वरची चाल जराही बिघडत नाही. एकत्र रेकॉर्ड केलेल्या गाण्यातून वाद्य इतकं स्वच्छ सुटत नाही.