हवामान माहितीचा नियोजनातील वापर

हवामान माहितीचा नियोजनातील वापर : दीर्घकाळाच्या हवामान नोंदी, हंगामी अंदाज आणि भावी हवामानाविषयीचे प्रक्षेप यांच्या आधारे बांधकाम, पाणीवाटप, शेती, आरोग्य व भूवापर यांविषयीचे निर्णय घेण्याची, तसेच बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचे उपाय आखण्याची पद्धत. मराठीत ‘हवामान’ हा एकच शब्द आजच्या आभाळासाठीही वापरतात आणि एखाद्या प्रदेशाच्या तीस वर्षांच्या सरासरीसाठीही. या नोंदीत प्रामुख्याने दुसरा अर्थ अभिप्रेत आहे.

धरणाच्या सांडव्याची रुंदी, पुलाची उंची, गटाराचा व्यास ठरवताना किती मोठा पाऊस वा पूर येऊ शकतो, हे गृहीत धरावेच लागते. त्यासाठी अभियंते पुनरावृत्तिकाल (एवढा मोठा पाऊस वा पूर सरासरी किती वर्षांनी येतो तो काळ) ही कल्पना वापरतात. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे आज आला तर पुढची ९९ वर्षे निर्धास्त, असा समज सर्रास आढळतो आणि तो घातक आहे. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असते. ३० वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. शिवाय हे गणित मागील नोंदींचे सांख्यिकीय स्वरूप पुढेही तसेच राहील, असे धरून चालते. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते आणि अतिवृष्टीची तीव्रता त्यामुळे वाढते. त्यामुळे जुन्या कोष्टकांवरून काढलेला आकडा आज अपुरा पडू शकतो.

नोंदी अपुऱ्या असतील तर काय होते, हे अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या करारावरून दिसते. १९२२ मध्ये सात राज्यांनी या नदीचे पाणी वाटून घेतले. वरच्या व खालच्या खोऱ्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकर क्षेत्रावर एक फूट उंच साठेल एवढे) पाणी ठरले. त्यामागे वार्षिक प्रवाहाचा १६४ लाख एकर-फुटांचा अंदाज होता. पुढे १९७६ मध्ये वृक्षवलयांवरून (झाडांच्या खोडात दरवर्षी पडणाऱ्या वलयांवरून) काही शतकांचा प्रवाह काढण्यात आला, तेव्हा दीर्घकालीन सरासरी १३५ लाखांच्या आसपास भरली. ज्या थोड्या वर्षांच्या मोजमापांवर करार उभा राहिला, ती नेमकी भरपूर पावसाची निघाली. नदीत नसलेले पाणी कागदावर वाटले गेले आणि त्या हक्कांवर शहरे व शेती उभी राहिल्याने चूक दुरुस्त करणे अत्यंत अवघड होऊन बसले.

कोणती माहिती वापरायची, हे निर्णयाच्या आयुष्यावर ठरते. पेरणी किंवा जलाशयातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक यांसाठी हंगामी अंदाज उपयोगी पडतात. ते शक्यतेच्या भाषेत असतात आणि एल निन्योचा (प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागातील पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा तापण्याच्या घटनेचा) प्रभाव असलेल्या प्रदेशांत तुलनेने अधिक भरवशाचे ठरतात. शतकभर टिकणाऱ्या बांधकामासाठी प्रक्षेप पाहावे लागतात. प्रक्षेप हे भाकीत नव्हे. हरितगृह वायूंचे उत्सर्जन अमुक मार्गाने गेले तर काय होईल, याचे ते सशर्त उत्तर असते. जागतिक प्रारूपांची (संगणकावर हवामानाचे गणित मांडणाऱ्या प्रतिकृतींची) जाळी साधारण १०० किलोमीटरची असल्याने एका चौकोनात किनारा, डोंगर आणि पठार एकत्र येतात. माहिती लहान क्षेत्रापुरती बारीक करण्याच्या पद्धती आहेत, पण नकाशा बारीक झाला म्हणून तो अधिक खात्रीचा होत नाही. वापरणाऱ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते.

त्यामुळे सुरुवात प्रारूपापासून न करता निर्णयापासून करणे श्रेयस्कर ठरते. कोणता निर्णय, कोणी, कधी घ्यायचा आहे आणि तो कोणत्या मर्यादेपलीकडे कोलमडतो, हे आधी विचारावे लागते. अहमदाबाद येथे मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत मृत्यूंचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच वाढले होते. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला. तापमानाच्या अंदाजाला रंगांचे इशारे आणि त्या त्या इशाऱ्याला कोणत्या विभागाने काय करायचे, हे त्यात जोडलेले आहे. केवळ ‘४५ अंश’ एवढ्या आकड्यावरून रुग्णालयाला काय करावे हे कळत नाही. इशाऱ्याबरोबर काम नेमून दिलेले असेल, तरच ते कळते.

अनिश्चितता आहे म्हणून थांबणे हाही एक निर्णयच असतो आणि बहुधा महाग पडतो. लंडनचे भरतीच्या पुरापासून रक्षण करणारा टेम्स नदीवरील अडसर (उघडझाप करता येणाऱ्या दारांचा बांध) १९८२ पासून कार्यरत आहे. त्यापुढील नियोजनासाठी २०१२ मध्ये आलेल्या टेम्स नदीमुखाच्या आराखड्यात समुद्रपातळीचा एकच आकडा धरलेला नाही. २.७ मीटरपर्यंतच्या वाढीचा विचार करून त्यात पर्यायी मार्ग आखलेले आहेत. समुद्रपातळी, नदीचा प्रवाह, तटबंदीची स्थिती अशा निर्देशकांवर लक्ष ठेवायचे आणि ते अपेक्षेपेक्षा वेगाने सरकले तर पुढचा टप्पा अलीकडे ओढायचा, अशी त्याची रचना आहे. मोठा बांध बांधण्यास वर्षानुवर्षे लागत असल्याने, पाणी कोठवर आल्यावर निर्णय घ्यायचा हे आधीच ठरवून ठेवले जाते.

अशी माहिती उपलब्ध करून देण्याच्या व्यवस्थेस हवामान सेवा म्हणतात. २००९ मध्ये जिनिव्हा येथील तिसऱ्या जागतिक हवामान परिषदेत हवामान सेवांची जागतिक चौकट उभारण्याचे ठरले. तिचा पाया अखेर पर्जन्यमापक, वेधशाळा आणि नदीवरील मापनकेंद्रे हाच आहे. मापनकेंद्र बंद पडले तर मधल्या वर्षांचे प्रत्यक्ष वेध पुन्हा घेता येत नाहीत. ती पोकळी उपग्रह व प्रारूपे अंदाजानेच भरतात, आणि त्या केंद्राच्या खालच्या अंगाला बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक पुलाच्या हिशेबात तो अंदाज शिरतो.