भाकरीतलं पाणी जातं कुठे?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक निरोप फिरून येतो. 'रात्रीची शिळी भाकरी सकाळी दुधात कुस्करून खा. शिळी होताना तिच्यात बी-१२ तयार होतं, साखर नाहीशी होते, मधुमेह मुळासकट जातो.' मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे असल्या निरोपांना उत्तर द्यायचं काम न सांगता माझ्याकडे येतं. या खेपेला उत्तर लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडले. 'शिळी होणं म्हणजे भाकरीतलं पाणी उडून जाणं' असं लिहीत होते. सासूबाई शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना वाचून दाखवलं.

"वाळली वेगळी आन शिळी वेगळी," त्या म्हणाल्या. "वाळली की कडक भाकरी होती. शिळी झाली की वातड होती. एवढं कळंना व्हय तुझ्या कॉलेजात?"

त्यांचं बरोबर होतं. सोलापूरच्या माणसाला हा फरक निराळा शिकवावा लागत नाही. इथे कडक भाकरीची पाकिटं दुकानात मिळतात, बचत गटांच्या बायका ती करून विकतात, पुण्या-मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पिशवीत शेंगाच्या चटणीशेजारी ती असते. तिला कुणी शिळी म्हणत नाही. उलट रात्री दुरडीत फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाकरी सकाळी हातात घेतली की वाकते, पण तुटता तुटत नाही. एकच पीठ, एकच तवा, आणि कडकपणा दोन जातींचा.

मग मी घरीच एक खेळ केला. एकाच गोळ्याच्या वजनाच्या तीन भाकऱ्या. एक निवल्यावर झाकण घट्ट लावून डब्यात, ओट्यावर. दुसरी तसल्याच डब्यात, फ्रिजमध्ये. तिसरी जाळीवर उघडी. सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिन्ही ठेवल्या. उघडीचं वजन चांगलंच घटलं होतं, अपेक्षेप्रमाणे. डब्यातल्या दोघींचं मात्र जवळजवळ होतं तेवढंच. म्हणजे पाणी बाहेर गेलेलं नाही. तरी दोन्ही शिळ्या, आणि फ्रिजमधली तर ओट्यावरच्या भाकरीपेक्षा जास्त वातड.

हा शोध माझा नाही. १८५२ साली फ्रान्समध्ये बुसिंगो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हेच पावावर करून पाहिलं होतं. पाव हवाबंद ठेवला, पाणी उडू दिलं नाही, तरी तो शिळा झाला. आणि तोच पाव पुन्हा गरम केला तर ताज्यासारखा मऊ झाला. पाणी गेलंच नसेल तर कडकपणा आला कुठून? आणि गरम केल्यावर तो गेला कुठे?

यासाठी काटवटीपासून सुरुवात करावी लागेल. गव्हात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन असतं, म्हणून कणीक गार पाण्यातही ताणली जाते. ज्वारीत ते नाही. मालदांडी असो की आणखी कुठली, नुसत्या गार पाण्यात मळलेलं ज्वारीचं पीठ थापताना कडेला चिरतं. म्हणून आपण उकळतं पाणी घालतो. पिठातला स्टार्च बारीक कणांच्या रूपात असतो, आणि कणाच्या आत त्याच्या रेणूंच्या साखळ्या घट्ट रचून ठेवलेल्या असतात. गार पाणी आत फारसं शिरू शकत नाही. साधारण ७० अंशांच्या आसपास ही रचना सैल पडते, पाणी आत घुसतं, कण फुगतो आणि चिकट होतो. विज्ञानात याला जिलेटिनायझेशन म्हणतात, घरात उकड काढणं म्हणतात. पीठ जुनं झालं की 'विरी गेली' म्हणतो ना, तेव्हा ही चिकटी कितीही आधण घातलं तरी पुरेशी येत नाही. मळताना थोडाच स्टार्च फुगतो. बाकीचं काम तव्यावर होतं, पाठीवर पाण्याचा हात फिरवल्यानंतर आतल्या वाफेवर.

स्टार्चच्या साखळ्या ग्लुकोजचे घटक एकापुढे एक जोडून बनतात, आणि त्या दोन प्रकारच्या. अमायलोज म्हणजे लांब, जवळजवळ सरळ साखळी, साधारण पाव हिस्सा. अमायलोपेक्टिन म्हणजे बाभळीसारखी फांद्या फुटलेली साखळी, उरलेला पाऊण हिस्सा. गरम भाकरीत दोन्ही पाण्यात मोकळ्या पसरलेल्या असतात, म्हणून भाकरी मऊ. भाकरी निवायला लागली की या साखळ्या पुन्हा एकमेकींना शोधतात. सरळ अमायलोज चपळ, ती काही तासांतच जोड्या जमवते. फांद्यांच्या अमायलोपेक्टिनला अडचण जास्त, ती सावकाश, दिवस-दोन दिवस घेत जुळत जाते. या परतीच्या प्रवासाला रेट्रोग्रेडेशन असं नाव आहे. शिळं होणं म्हणजे हेच.

आता माझा आवडता भाग. ज्याला घाई असेल त्याने हा परिच्छेद सोडून पुढे जावं, मला सोडवत नाही. जुळलेल्या दोन साखळ्या दोरीच्या पिळासारख्या एकमेकींभोवती वळतात, डाव्या हाताचा पीळ, प्रत्येक साखळीच्या एका वेढ्यात ग्लुकोजचे सहा घटक. असे पीळ शेजारी शेजारी उभे राहिले की स्फटिक बनतो. कच्च्या ज्वारीच्या, गव्हाच्या, तांदळाच्या दाण्यात हे पीळ दाटीवाटीने बसलेले असतात. त्याला 'ए' प्रकारची रचना म्हणतात, आणि तिच्या एका एककात, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, पाण्याचे जेमतेम चार रेणू मावतात. शिजून निवलेल्या स्टार्चची रचना मात्र निराळी, 'बी' प्रकारची. तिच्यात सहा पीळ षटकोनात उभे राहतात आणि मधोमध एक पोकळ नळी उरते. त्या नळीत एका एककामागे पाण्याचे ३६ रेणू असतात. चारच्या जागी छत्तीस! भाकरीतलं पाणी गेलं कुठे, त्याचं उत्तर इथे आहे. ते गेलेलंच नाही. काट्यावर ते भरतं, पण त्यातला एक हिस्सा स्फटिकाच्या आत कडी लावून बसलाय. साखळ्यांना सैल ठेवायला, दाताला मऊ लागायला तो आता उपयोगाचा नाही.

फ्रिजचंही कोडं यातच सुटतं. स्फटिक बनायचा तर आधी त्याचं बीज पडावं लागतं, मग ते वाढावं लागतं. बीज पडायला गारवा हवा, वाढायला ऊब हवी. दोन्हींचा मेळ ४ अंशांच्या जवळपास सर्वांत घातक बसतो, आणि घरचा फ्रिज नेमका त्याच अंशावर असतो. भाकरी, चपाती, लादीपाव यांना फ्रिजचा खालचा कप्पा म्हणजे शिळं करायचं यंत्र. बर्फाच्या कप्प्यात मात्र साखळ्या जागच्या जागी गोठतात, हलूच शकत नाहीत, तिथे पाव आठवडाभर बरा राहतो.

आणि बुसिंगोचा गरम पाव? अमायलोपेक्टिनचे स्फटिक कच्चे असतात, ५०-६० अंशांना वितळतात. सासूबाई शिळ्या भाकरीवर पाण्याचा शिपका मारून तव्यावर झाकण ठेवतात, तेव्हा त्या हेच करतात: कडी काढून पाणी मोकळं करतात. अमायलोजचे स्फटिक पक्के. ते शंभर अंशांच्या वर, बरंच वर गेल्याशिवाय वितळत नाहीत, आणि भाकरीत पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभराच्या पुढे जात नाही. म्हणून गरम केलेली भाकरी मऊ होते पण अगदी ताजी होत नाही. शिवाय या खेपेला थोडं पाणी खरंच उडालेलं असतं. तव्यावरून थेट ताटात घ्यावी. पुन्हा दुरडीत टाकली तर आधीपेक्षा वाईट.

कडक भाकरीची गोष्ट वेगळी. ती पातळ थापतात, भाजून मंद आचेवर जवळजवळ सगळं पाणी घालवतात. पाणी हे साखळ्यांमधलं वंगण आहे. ते गेलं की साखळ्या जिथे असतील तिथे अडकून पडतात, रांगेत उभं राहायलाही फुरसत मिळत नाही. अशा अवस्थेला काच म्हणतात, खिडकीची काच ज्या अर्थाने काच त्याच अर्थाने. म्हणून ती कटकन मोडते. तिच्यात बुरशीला पुरेल इतकंही पाणी नसतं, म्हणून टिकते. आमची हवा कोरडी, त्यामुळे इथे ती पत्र्याच्या डब्यात महिना महिना खणखणीत राहते. चिपळूणला नणंदेकडे पाठवली तर श्रावणात दोन दिवसांत सादळते. वंगण परत आलं!

आता हे सगळं रोजच्या स्वयंपाकात कुठे लागतं ते. चांगली मालदांडी ज्वारी आता गरिबाचं धान्य राहिलेली नाही, बाजारात भाव विचारला की कळतं. त्यामुळे उरलेली भाकरी टाकणं परवडत नाही, आणि टाकायचं कारणही नाही. फोडणीच्या भाकरीला शिळीच भाकरी लागते. ताजी कुस्करून कांद्याच्या फोडणीत घातली की गोळा होतो. शिळीच्या तुकड्यात स्फटिकांचा सांगाडा असतो, तो तेल आणि ताकाचा शिपका झेलतो आणि तरी मोकळा राहतो. फोडणीच्या भाताचंही तेच. ताज्या भाताच्या शितांवर ओल्या अमायलोजचा चिकट थर असतो, रात्रभरात तो घट्ट होतो आणि शीत न् शीत सुटं होतं. उरलेली आमटी किंवा वरण पाण्याच्या जागी वापरून धपाट्याचं पीठ मळावं, त्यात मूठभर भातही खपतो. तेलामुळे आणि डाळीमुळे धपाटं भाकरीइतकं लवकर वातड होत नाही.

परत त्या निरोपाकडे. बी-१२ हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. ज्वारीत ते नसतं, आणि साखळ्या रांगेत उभ्या राहिल्याने ते येत नाही. साखर नाहीशी होते, या थापेमागे मात्र थोडं खरं आहे. ते पक्के अमायलोजचे स्फटिक आपल्या पाचकरसांना फोडता येत नाहीत, ते तसेच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू ते खातात. याला १९८२ पासून रेझिस्टंट स्टार्च असं नाव आहे. पण किती? २०१५ साली इंडोनेशियातल्या संशोधकांनी पांढरा भात मोजला. ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम, आणि २४ तास फ्रिजमध्ये ठेवून परत गरम केलेल्यात १.६५ ग्रॅम. अडीच पट! असं ओरडून सांगता येईल, आणि सांगतातही. प्रत्यक्षात शंभर ग्रॅममागे एक ग्रॅम. जेवणानंतरची साखर त्याने थोडी कमी चढली तरी मधुमेह जात नाही, आणि शिळी भाकरी सुरू केली म्हणून गोळी बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

भाताबद्दल मात्र एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एका लग्नातून उरलेला मसालेभात डबा भरून आणला. मे महिना, रात्रभर ओट्यावर. दुसऱ्या दिवशी दोनला खरपूस परतून खाल्ला, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही तिघं मोरीत. वाससुद्धा आला नव्हता. अशा वेळी पहिला संशय बॅसिलस सेरियस या जिवाणूवर घ्यायचा. त्याचे बीजाणू तांदळावर असतातच, आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. जिवाणू परतताना मरतील, पण ते विष १२१ अंशांना दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणून भात उरला तर परातीत पसरून निववावा, तास-दीड तासात फ्रिजमध्ये टाकावा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. भात वातड होतो म्हणून फ्रिज टाळू नये. भाकरीचा नियम भाताला लावू नये.

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला आमच्या इमारतीत दोन पंथ होते. काहींनी दुपारीच चांगला वरणभात कचऱ्यात ओतला. काहींनी त्यावर तुळशीचं पान ठेवून रात्रभर ओट्यावर ठेवला आणि सकाळी खाल्ला. पृथ्वीच्या सावलीने भाताला काही होत नाही. धोका दुसऱ्या पंथाने पत्करला, आणि त्याचं कारण चंद्र नव्हे, ओटा.

मग सोलापूरच्या पूर्वभागातल्या आमच्या तेलुगू शेजारणी रात्रीचा भात बाहेर ठेवून सकाळी खातात, त्याचं काय? त्यांचं चद्दन्नम मला फार आवडतं. भात पाण्यात बुडवतात, ताक घालतात, सकाळी कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. इथे ताकातले जिवाणू भात आंबवतात, आणि पुरेसा आंबटपणा आला की सेरियसला डोकं वर काढता येत नाही. म्हणजे कोरडा भात उघडा ठेवणं आणि आंबवणं या दोन वेगळ्या गोष्टी. परवा प्रयोगशाळेतला पीएच कागद, म्हणजे आंबटपणा मोजायचा कागद, घेऊन त्यांच्यातल्याच एका अक्कांच्या वाडग्यात बुडवला, तो चार आणि पाचच्या मधला रंग दाखवत होता, म्हणजे चांगलाच आंबट. "खायचं सोडून कागद काय बुडवतीस?" अक्का म्हणाल्या. पण त्यातला आंबटपणा घातलेल्या ताकाचा किती आणि रात्रीत तयार झालेला किती, हे त्या कागदावरून कळत नाही. पुढच्या खेपेला एक वाटी ताक न घालता बाजूला काढायला त्या कबूल झाल्या आहेत. अट एकच, ती वाटी मोजून झाल्यावर ओतून द्यायची, त्यांच्या नातवाला लागू द्यायची नाही.