येसूबाईंची सुटका आणि १७१८ चा तह

संगम माहुलीला गेलं की लोक थोरल्या शाहू महाराजांची समाधी बघून येतात. मोगलांच्या कैदेतल्या त्यांच्या आईच्या, येसूबाईंच्या सुटकेसाठी ज्यांनी बोलणी जुळवली, त्या शंकराजी मल्हार यांचं नाव साताऱ्यात क्वचितच ऐकू येतं. मला ते खटकतं.

शंकराजी राजाराम महाराजांच्या काळात सचिव होते. पुढे काशीला जाऊन राहिले आणि तिथून दिल्ली दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंच्या पदरी गेले. १७१५ मध्ये त्यांच्यातला सय्यद हुसेन अली दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा तेही सोबत आले. मराठ्यांची माणसं आणि त्यांची मनं त्यांना पाठ होती.

हुसेन अली कात्रीत सापडला होता. खानदेशात मराठा सरदार खंडेराव दाभाडे त्याच्या फौजेला जेरीस आणत होते, आणि दिल्लीहून बादशहा फर्रुखसियर त्याच्याविरुद्ध उठायला मराठ्यांनाच आतून चिथावत होता. मराठ्यांशी लढण्यापेक्षा त्यांच्याशी तह करा, हा सल्ला शंकराजींचा. बादशहाची मंजुरी नसतानाच साताऱ्याशी बोलणी सुरू झाली. इकडून शाहू महाराजांचे पेशवे बाळाजी विश्वनाथ होते.

शाहू महाराजांच्या मागण्या लहान नव्हत्या. शिवाजी महाराजांचं स्वराज्य परत हवं, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) आणि सरदेशमुखी (वरचा दहावा हिस्सा) हवी. बदल्यात १५,००० फौज सुभेदाराच्या मदतीला आणि सालाना १० लाखांची पेशकश, म्हणजे खंडणी. आणि याच यादीत एक कलम होतं : मातोश्री येसूबाई आणि कुटुंबातली बाकी माणसं साताऱ्याला पोचती करावीत. मुलुखाच्या आणि पैशाच्या कलमांवर इतिहासात रकाने भरलेत. मला मात्र या एका कलमापाशी थांबावंसं वाटतं.

हुसेन अलीने १७१८ मध्ये सगळं मान्य केलं, बादशहाने साफ नाकारलं. मग सय्यद मराठी फौज घेऊनच दिल्लीवर गेला. फेब्रुवारी १७१९ मध्ये फर्रुखसियरला गादीवरून उतरवलं गेलं. त्या धामधुमीत दिल्लीच्या रस्त्यांवर आपली शेकडो माणसं मारली गेली. मार्चमध्ये नव्या बादशहाच्या नावाने चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, आणि बाळाजी विश्वनाथ येसूबाईंना घेऊन परत निघाले.

रायगड पडला ते १६८९ साल. सात वर्षांचे शाहू आईबरोबर कैदेत गेले. १७०७ मध्ये ते सुटले, पण आई ओलीस राहिली. १७१९ च्या पावसाळ्यात ती साताऱ्यात आली, तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते.